डावीकडे पडलेला चमचा

आजवर कुणालाही न सांगितलेली गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहिताना हात अडणार नाही. आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या इन्स्पेक्टर काकांइतका कानाचा पारखी माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नाही, आणि या पारखी माणसाने आपला निकाल पडताळून घ्यायला सहा वर्षं ज्याच्या कानांवर भरवसा ठेवला, त्या माणसाला डाव्या कानाने धड ऐकू येत नव्हतं. तो माणूस मी. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यांच्यासमोर बसून मी ऐकू न आलेल्या आवाजांची तारीफ केली, त्यांनी ती वहीत उतरवून घेतली, वर मी काकूंच्या हातचा चहाही प्यालो.

इन्स्पेक्टर म्हटलं की लोकांना पोलीस आठवतात. काकांचा आणि पोलिसांचा काही संबंध नाही. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ते तीस वर्षं तयार माल तपासायचे. यंत्रातून निघालेला पार्ट त्यांच्या टेबलावर यायचा, ते तो मापात बसतोय का बघायचे, आणि बसला तरच तो पुढे जायचा. पण सोसायटीत नुसतं 'इन्स्पेक्टर' एवढंच पोहोचलं. नवीन वॉचमन त्यांना सलाम ठोकतो. तळमजल्यावर एक कुटुंब भाड्याने आलं होतं, त्यांच्याकडे दिवसभर मोठ्याने गाणी लागायची. 'वर इन्स्पेक्टर राहतात' असं कुणीतरी सांगितल्यावर ती गाणी जी बंद झाली ती सहा महिने लागली नाहीत. मी काकांना म्हटलं, "अहो, सांगून टाका ना त्यांना खरं." काका म्हणाले, "कशाला? त्यांचा स्पीकर फुटका हाय. जाड आवाजाला, बासला, नुसता थरथरतोय. ऐकवत नव्हतं."

निवृत्त झाल्यावर माणसं योगासनं करतात, नातवंडं खेळवतात, नाहीतर सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडतात. काका इअरफोनमध्ये शिरले. निमित्त अगदी किरकोळ होतं. नव्या फोनबरोबर आलेला इअरफोन त्यांच्या डाव्या कानातून सारखा गळून पडायचा. दुसऱ्या कुणी तो फेकून दिला असता. काकांनी मापपट्टी घेतली, आरशासमोर उभे राहिले आणि आपल्या दोन कानांची भोकं सारखी नाहीत असा शोध लावला. मग काकूंचे कान बघितले. तिथेही तेच. मग येईल-जाईल त्याचे. आठवडाभरात त्यांचं तत्त्वज्ञान तयार झालं: "दोन्ही कान सारखे नसतेतच कुणाचे. देवानंच सेट जुळवून दिलेला नाय. म्हणून तर टोप्या वेगवेगळ्या मापाच्या येतेत." टोप्या म्हणजे इअरफोनच्या टोकाला बसवतात ती रबरी बोंडं.

आज त्यांच्याकडे एक्केचाळीस इअरफोन आहेत. सगळे कानाच्या आत बसणारे. डोक्यावर चढवायच्या मोठ्या हेडफोनला ते 'हेल्मेट' म्हणतात, आणि स्पीकर म्हणजे त्यांच्या मते निव्वळ असभ्यपणा. "आपलं ऐकणं शेजाऱ्याच्या घरात कशाला न्यायचं? आपण आपली भाजी त्याच्या ताटात टाकतो का?" स्पीकरला घरात पाऊल ठेवू देणार नाही, असं त्यांनी माझ्यादेखत अनेकदा जाहीर केलंय. काकू मला म्हणतात, "लग्नाला चाळीस वर्षं झाली सर. माझ्याकडं कानातल्याची एकच जोडी, अन् ह्यांच्याकडं एक्केचाळीस!"

टोप्या ठेवायला त्यांनी घरातला मिसळणाचा जुना डबा घेतला. सात वाट्यांत सात मापं: अगदी बारीक, बारीक, मध्यम, मोठी, त्याहून मोठी, स्पंजाची, आणि मधल्या वाटीत ज्यांचं काय करायचं ते ठरलेलं नाही अशा. एकदा पाहुणे आले असताना काकूंनी घाईत फोडणीसाठी तोच डबा उघडला. चूक लगेच लक्षात आली, पण एक टोपी वरणात गेली ती गेलीच. ती पाहुण्यांतल्या एका ज्येष्ठ गृहस्थांच्या वाटीत निघाली. ते बिचारे आमसूल समजून चघळत बसले होते. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांनी मात्र ती मागून घेतली, नळाखाली धुतली, उजेडात धरली आणि म्हणाले, "मध्यम. उकळून पण मापात हाय. चांगला माल."

त्यांच्या तपासणीत आवाजाचा नंबर शेवटी. आधी बसणं. "न बसलेला इअरफोन म्हणजे स्टँडवर एक पाय बाहेर काढून बसलेला प्रवासी. कवा उठून जाईल नेम नाय." त्यासाठी तीन परीक्षा. पहिली चिवड्याची: इअरफोन घालून वाटीभर चिवडा खायचा, जबडा हलला तरी तो जागचा हलता कामा नये. दुसरी जिन्याची: तीन मजले खाली, तीन मजले वर. तिसरी जांभईची, आणि ही सर्वांत अवघड, कारण जांभई मागून येत नाही. मग काका समोर बसून स्वतः जांभया द्यायचे, इतक्या मनापासून की शेवटी मलाही यायची. माझी बायको एकदा साखर मागायला वर गेली, तर दोन प्रौढ पुरुष समोरासमोर बसून आळीपाळीने आ वासतायत. ती साखर न घेताच परत आली.

बाहेरही त्यांची नजर माणसाच्या कानावरच जायची. जालना रोडवरच्या एका लग्नात आम्ही अक्षता हातात धरून उभे होतो. मंगलाष्टकं चालू. काका माझ्याकडे झुकून म्हणाले, "नवरदेव डावीकडं मोठी, उजवीकडं मध्यम. नवरी दोन्हीकडं बारीक." काकू मागून म्हणाल्या, "अहो, सावधान झालं. टाका की अक्षता!"

आता चमच्याकडे येतो. आवाज तपासायला लोक आवडीची गाणी लावतात. काकांना गाणं चालत नाही. "गाणं आवडलं की माणूस माफ करतो," असं त्यांचं म्हणणं. ते एकच ध्वनिमुद्रण लावतात, आणि ते आहे त्यांच्या कारखान्यातल्या एका दुपारचं. ते निवृत्त व्हायच्या आठवड्यात त्यांनी कुणाचंतरी चांगलं रेकॉर्डिंगचं यंत्र मागून आणलं, तपासणीच्या टेबलावर ठेवलं आणि जेवणाच्या सुट्टीच्या आधीची तीन-चार मिनिटं टिपून घेतली. उजवीकडे लोखंड कातायचा लेथ चालू आहे. मागे कुठेतरी हवा सुटते. मग भोंगा होतो, लेथ हळूहळू थांबतो, आणि डावीकडे काकांच्या जोडीदाराच्या डब्यातून चमचा फरशीवर पडतो. हा जोडीदार तीस वर्षं त्यांच्या डाव्या हाताला बसून माल तपासायचा. पुढे दोनच वर्षांत तो गेला. इअरफोन चांगला असेल तर चमचा डावीकडे, किंचित मागे, हातभर अंतरावर पडतो. वाईट असेल तर, काकांच्या शब्दांत, "डोक्याच्या मधोमध पडतोय, जसा काय आपणच गिळलाय."

पहिल्यांदा त्यांनी मला हे ऐकवलं तेव्हा मी बराच वेळ गप्प राहिलो. मी मुळातच कमी बोलतो, आणि त्या दिवशी तर बोलण्यासारखं काही ऐकूच आलं नव्हतं. काकांना ते फार आवडलं. "बाकीचे लगेच 'एक नंबर' म्हणतेत," ते काकूंना म्हणाले. "सर इचार करतेत." त्या दिवसापासून त्यांच्या वहीत एक नवा रकाना आला: सरांचा शेरा.

त्याच्या आधीच्या वर्षी मला एक मोठा ताप येऊन गेला होता. तो उतरला आणि डाव्या कानाचं दार अर्धवट लावून गेला. जाडे आवाज यायचे, बारीक आणि टोकदार आवाज बाहेरच राहायचे. मी ज्युनिअर कॉलेजात शिकवतो. माझ्या डाव्या हाताच्या बाकांवरची मुलं तासभर सुखाने गप्पा मारायची, आणि न रागावणारा शिक्षक म्हणून माझी ख्याती झाली. डॉक्टरकडे गेलो नाही, कुणाला बोललोही नाही. कारण सांगायला जड जातं. माझे वडील उतारवयात बहिरे झाले, तेव्हा आम्ही भावंडं त्यांच्यासमोर आवाज न काढता नुसते ओठ हलवायचो आणि ते "आं? आं?" करत पुढे झुकले की हसायचो. मी त्यात सगळ्यात पुढे होतो. आपल्यावर ती पाळी येईल आणि कुणीतरी नुसते ओठ हलवील, ही भीती माझ्या मनात बसली होती. म्हणून मी चमचा पाठ केला. इअरफोन माझ्या कानात असला तरी काकांना ते ध्वनिमुद्रण सेकंदासेकंदाला तोंडपाठ होतं; चमचा पडायच्या वेळी त्यांची डावी भुवई किंचित वर जायची. ती गेली की मी म्हणायचो, "पडला. डावीकडे, थोडा मागे, हातभर लांब." इअरफोन बरा नाही असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं तर म्हणायचो, "जरा मधे वाटतो." माझा शेरा त्यांच्या शेऱ्याशी नेहमी जुळायचा. जुळणारच.

मग त्यांच्या मुलीने परदेशातून एक जोडी पाठवली. स्वतः चार दुकानं फिरून, बाबांच्या कानांची मापं दुकानदाराला दाखवून घेतलेली. चिवडा झाला, जिना झाला, जांभया झाल्या, जोडी जागची हलली नाही. काका अर्धा तास डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "सर, कानात काय घातलंय हेच इसरलो बगा." मग ती माझ्या हातात दिली. "पोरीनं पाठवलीय म्हणून गोड बोलायचं नाय. खरं सांगायचं."

त्या दिवशी वर्गात एका मुलीने डावीकडून तीनदा शंका विचारली होती, मी तीनदा फळ्याकडेच बघत राहिलो होतो, आणि वर्ग हसला होता. ते हसणं मात्र मला नीट ऐकू आलं. काका 'खरं सांगा' म्हणाले आणि मला वाटलं, आज सांगून टाकावं. मी म्हणालो, "डावीकडे आवाज कमी येतोय." पुढे सांगायचं होतं की हा दोष माझ्या कानाचा आहे. पण काकांचा चेहरा पडला, त्यांनी वही ओढली आणि लिहायला सुरुवात केली. मी ते वाक्य पुढे नेलं नाही, जोडी काढून टेबलावर ठेवली.

जोडी बदलून घ्यायला परत गेली. मुलगी फोनवर म्हणत होती, "बाबा, अहो, दुकानात तपासून घेतली होती मी. तुम्हाला आवडली नाही का? तसं सांगा." काका म्हणाले, "आवडली गं. पण सरांचा कान खोटं बोलत नाय." मी तिथेच समोर बसलो होतो. बदलून दुसरीच जोडी आली, कारण तो प्रकार बनवायचा बंद झाला होता. ही दिसायला देखणी आहे, पण जांभईला निसटते. मुलीने त्यानंतर काही पाठवलं नाही. काकांनीही मागितलं नाही.

मी उघडा पडलो तो गेल्या उन्हाळ्यात, एका सकाळी. आमच्याकडे नळाला कितीतरी दिवसांनी पाणी येतं, आणि येतं तेव्हा घरात माणसाला माणूस ओळखत नाही. काकांनी नुकतीच साफ केलेली एक जोडी माझ्या कानात घातली, रेकॉर्डिंग लावलं आणि तेवढ्यात काकू ओरडल्या, "अहो, ते ऐकणं ठेवा अन् टाकीचा व्हॉल्व्ह बगा आधी!" काका गच्चीत पळाले. मी एकटा बसलो. समोर भुवई नाही. लेथ चालू होता, जरा वेगळा वाटत होता, मी काही मनावर घेतलं नाही. भोंगा झाला. आणि एकदम खण्णकन काहीतरी माझ्या उजव्या हाताला पडलं. मी दचकून इअरफोन उपसले, खुर्चीखाली वाकून फरशी बघायला लागलो. "काकू, काय पडलं हो?"

"कुठं काय? काय नाय पडलं," काकू हंडा उचलत म्हणाल्या.

दारात काका ओल्या पायांनी उभे होते. त्यांनी खुर्चीखाली वाकलेल्या मला बघितलं. मग इअरफोन उचलले, वायर कुठे जोडलीय ते पाहिलं. साफ करताना वायरी सुट्या केल्या होत्या, आणि परत जोडताना डावीची वायर उजवीला आणि उजवीची डावीला लागली होती. तीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून चुकीचा माल पुढे गेला नव्हता, आणि आज त्यांच्याच हातून हे झालं होतं. चमचा उजवीकडे पडला होता. सहा वर्षं जो चमचा मी बिनचूक ओळखत होतो, तो मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला होता आणि फरशीवर शोधत होतो.

काकांना सगळं कळलं हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. ते फक्त म्हणाले, "वायर उलटी लागली. माझी चूक." मग काकूंना म्हणाले, "सरांना चहा टाका." त्या दिवशी वहीत त्यांनी काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. पण चहा घेताना ते उठून माझ्या उजवीकडच्या खुर्चीवर येऊन बसले.

आठ दिवसांनी ते सकाळीच खाली आले. "सर, कानाचा साचा बनवायचाय. मापाचा इअरफोन करून घ्यायचा म्हणतो. चला सोबत." पैठण गेटजवळ एक मॅडम कानाचे साचे घेतात. गुलाबी लगदा कानात भरतात, तो घट्ट झाला की काढतात, आणि हुबेहूब कानाच्या आतली गुहा हातात येते. काकांनी स्वतःच्या दोन गुहा शेजारी शेजारी ठेवल्या आणि लहान मुलासारखे खूश झाले. "बगा! म्हणलं नव्हतं? वेगळ्याच!" मग मॅडमकडे वळले. "आता सरांचा घ्या. पण साचा घ्यायच्या आधी ऐकणं तपासायचा नियम असतो ना?"

मॅडम म्हणाल्या, "तसा काही नियम नाही काका, नुसत्या साच्याला..."

"आमच्यात असतो," काका म्हणाले. "तपासल्याबिगर माल पुढं जात नाय."

मॅडमनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि काचेच्या खोलीचं दार उघडलं. आत बसायचं, कानात बारीक टिकटिक होईल, ऐकू आली की बटण दाबायचं. उजव्या कानाला मी भराभर दाबत गेलो. डाव्याला नुसता बसून राहिलो. काचेपलीकडे काका होते. त्यांची भुवई मला दिसत होती, त्यांनी जरा उचलली असती तर मी याही परीक्षेत पास झालो असतो. त्यांनी मान वळवली आणि भिंतीवरचं कानाचं चित्र बघत बसले. तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि बटण तसंच हातात राहिलं.

रिक्षात ते माझ्या उजवीकडे बसले. मी म्हणालो, "काका, मी..." ते म्हणाले, "राहू द्या सर. दोन्ही कान सारखे नसतेतच कुणाचे." मग थोड्या वेळाने: "ऐकायच्या यंत्राचा साचा मी बगून घेईन. जांभईला हालला नाय पाहिजे."

यंत्र आलं. ते पहिल्यांदा लावलं त्या संध्याकाळी बायको माझ्या डाव्या बाजूला बसून भाजी निवडता निवडता स्वतःशीच म्हणाली, "ह्या वेळी मेथी चांगली मिळाली." मी म्हणालो, "हो ना." तिचे हात थांबले. इतकी वर्षं ती त्याच बाजूला बसून बोलत होती आणि मी उत्तर देत नव्हतो. ती म्हणाली, "मला वाटायचं तुम्ही माझ्यावर चिडलेले असता." मी जुडी ओढली आणि निवडायला लागलो.

नंतर एकदा काकांनी वर बोलावलं. गेलो तर टेबलावर दोन स्पीकर. काळे, बुटके, एक डावीकडे, एक उजवीकडे. काकांच्या घरात स्पीकर! काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या. काका कानकोंडे होऊन म्हणाले, "तुमचं यंत्र कानात. वर इअरफोन कसा घालणार? म्हणून आणले. तात्पुरते हायेत." खिडक्या मात्र त्यांनी सगळ्या लावून घेतल्या होत्या. मला मधोमध बसवलं, माझं डोकं दोन्ही हातांनी धरून मापात सरळ केलं, आणि रेकॉर्डिंग लावलं.

लेथ. हवा. भोंगा. लेथ थांबला. चमचा पडला: डावीकडे, किंचित मागे, हातभर लांब. सहा वर्षं मी खोटं सांगत होतो, आणि ते शब्दन् शब्द खरं होतं. पण त्याच्या पुढे आणखी काहीतरी होतं. चमचा पडल्यावर कुणीतरी हसलं. बारीक, तोंडात घास असताना हसतात तसं.

मी म्हणालो, "काका, कुणीतरी हसलं."

काकांनी रेकॉर्डिंग थांबवलं. "जोडीदार," ते म्हणाले. "समदी भाजी सांडली होती त्याची. तरी हसायला लागला येडा." मग त्यांनी वही माझ्यासमोर सरकवली. "सरांचा शेरा लिहा."

मी लिहिलं: 'डावीकडून व्यवस्थित ऐकू आलं.' त्यांनी वाचलं, मान डोलावली, आणि पुन्हा एकदा लावलं. आम्ही दोघांनी त्या माणसाचं हसू तीनदा ऐकलं.

काकांनी माझ्यावर माझ्या वडिलांसारखं झुकून "आं?" म्हणायची पाळी येऊ दिली नाही. माझं खोटं त्यांनी स्वतःची चूक म्हणून नावावर घेतलं, माझी बायको मला परत मिळाली, आणि वर्गात डावीकडच्या बाकांवर आता शांतता असते. मुलीच्या त्या जोडीचं खरं काय ते त्यांनी ओळखलं असेल, पण त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी कधी बोललो नाही. वहीत त्या पानावर अजून माझाच शेरा आहे: 'डावीकडे आवाज कमी.' त्या जोडीत काही दोष नव्हता, हे मला त्या पानावर माझ्या हाताने लिहायचं आहे, आणि काकांकडून नंबर घेऊन त्यांच्या मुलीला सांगायचं आहे. एवढं देणं माझ्याकडे अजून बाकी आहे.